घरच्या घरी गाडी उचलायची, तर जॅक कोणता घ्यावा?

भाचा चिपळूणला असतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे म्हणतोय. ट्रॉली जॅक घेऊ की बॉटल जॅक?" मी उलट विचारलं, "गाडी उचलणार कुठे?" म्हणाला, अंगणात. अंगण जांभ्याचं. मग आमचं बोलणं तासभर चाललं, आणि त्यातला बराच वेळ जॅकवर नव्हे, तर जमिनीवर गेला. हा प्रश्न मला अधूनमधून बरेच जण विचारतात, म्हणून त्याला सांगितलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी गाडीबरोबर येणारा जॅक. डिक्कीत स्टेपनीजवळ ठेवलेला, हँडल फिरवून उघडणारा कैचीसारखा सिझर जॅक. याला कमी लेखू नका. तो स्क्रूवर चालतो, त्यात तेल नाही, तेल अडवणारं रबरी सील नाही, त्यामुळे गळती होऊन हळूहळू खाली बसण्याची भीती नाही. त्याच्या माथ्यावरची खाच तुमच्याच गाडीच्या सिलखालच्या (म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीखालच्या) पत्र्याच्या कडेला बसेल अशी केलेली असते. पण तो बनवलाय रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता. बूड जेमतेम तळहाताएवढं, आणि गाडी जरा पुढे-मागे सरकली की तो तिच्याबरोबर कलतो. चाक काढलं, स्टेपनी लावली, गाडी खाली घेतली, इथवर तो चांगला. गाडी तासभर वर ठेवून काम करायचं असेल तर तो आपला नव्हे.

बॉटल जॅक म्हणजे बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक. छोटा पिस्टन दाबायचा, तेलाचा दाब मोठ्या पिस्टनखाली जातो आणि एका हाताने दोन टन वर येतात. किंमत कमी, जागा कमी, ताकद भरपूर. पण हॅचबॅकवाल्यांनी दुकानात जाण्याआधी टेप घेऊन बसावं. बऱ्याच बॉटल जॅकची मिटलेली उंचीच 180 ते 200 मिलिमीटर असते, आणि आपल्या छोट्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या बुडापर्यंतचं अंतर, साधारण 160-170. टायर बसलेला असेल तर त्याहून कमी. म्हणजे ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी जॅक गाडीखाली जाणार नाही. दुसरं म्हणजे त्याचा माथा लहान आणि सपाट असतो. सिलखालच्या पातळ पत्र्यावर तो टेकवला तर पत्रा दुमडतो. हा जॅक शोभतो बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप असल्या चेसिसवाल्या, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या उंच गाड्यांना, जिथे थेट अ‍ॅक्सलखाली लावता येतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर बॉटल जॅक घ्या आणि पैसे वाचवा. हॅचबॅक किंवा सेडान असेल तर तो विचार सोडून द्या.

ट्रॉली जॅक हा गॅरेजमध्ये दिसतो तो, चाकांवर ढकलत न्यायचा. साधारण 130-140 मिलिमीटरच्या फटीत शिरतो, बूड रुंद असतं, आणि लांब दांडा मारत गाडी उचलली जात असताना आपण गाडीपासून दूर राहतो. छोट्या गाडीला 2 टनी पुरतो, कारण एका वेळी आपण पूर्ण गाडी उचलत नाही. एसयूव्ही असेल तर 3 टनी घ्यावा, पण तो उचलून दोन जिने चढायचे असतील तर वजनाचाही विचार करा.

ट्रॉली जॅकची एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणजे गाडी वर चढताना जॅकला पुढे-मागे सरकावंच लागतं, त्याला चाकं असतात ती यासाठी. जमीन गुळगुळीत असेल तर तो आपोआप सरकतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं तर जॅक जागेवर राहतो आणि वरचा माथा गाडीखाली सरकू लागतो. उन्हाळ्यात डांबरावर चाकं रुततात, तेव्हाही हेच. अशा ठिकाणी 18 मिलिमीटरचा प्लायवुडचा चांगला मोठा तुकडा खाली टाका, ज्यावर जॅकला वीतभर सरकायला जागा राहील. जॅकच्या मापाची फळी टाकलीत तर चाक तिच्या काठावरून उतरेल.

जांभ्याचा प्रश्न याच्याही पुढचा. जांभा दिसायला दगड, पण सच्छिद्र. पावसाळ्यात वर शेवाळं, खाली ओल. उचललेला सगळा भार तळहाताएवढ्या बुडावर आला की तो कुस्करतो. म्हणूनच मी भाच्याला जॅकचं नाव सांगण्याआधी जमिनीचं विचारलं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. जॅक उचलतो, धरून ठेवायचं काम स्टँडचं, म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी आधाराचं. हायड्रॉलिक जॅकमध्ये उचललेला सगळा भार एका रबरी सीलवर आणि तेलाच्या दाबावर उभा असतो. सील कधी थकेल ते बाहेरून दिसत नाही. म्हणून मला विचाराल तर खरेदीचा क्रम उलटा ठेवा: आधी जॅक स्टँडची जोडी, मग जॅक. चांगला ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी, दोन्ही मिळून छोट्या गाडीच्या दोन नव्या टायरांच्या किमतीच्या आसपास येतात.

स्टँडमध्ये दोन प्रकार मिळतात. एक रॅचेटचा, दातेरी पट्टी आणि खटका असलेला. दुसरा पिनचा, ज्यात भोकांतून जाड सळई आरपार घालायची. रॅचेटची उंची बारीक टप्प्यांत लावता येते, म्हणून गॅरेजमध्ये तो आवडता. पण 2020 साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीला आपले 3 आणि 6 टनी रॅचेट स्टँड मोठ्या संख्येने परत मागवावे लागले. बनवण्याचे साचे जुने झाल्यामुळे काही स्टँडमध्ये खटका दातात पुरेसा बसत नव्हता. खटका किती बसलाय ते आत असतं, आपल्याला दिसत नाही. पिन आरपार गेली की नाही ते लांबूनही दिसतं. घरी, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा काम करणाऱ्याला मी पिनचाच स्टँड सांगतो. रॅचेटचा घेणार असाल तर असा घ्या ज्यात खटक्याखेरीज जादा सुरक्षा पिन घालता येते.

स्टँडऐवजी विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा सिपोरेक्सचे हलके ब्लॉक कोणीही लावू नयेत. ते वाकत नाहीत, आधी तडा दाखवत नाहीत. एका क्षणी फुटतात, आणि फुटण्याआधी इशारा देत नाहीत.

इथे सिझर जॅक आणि ट्रॉली जॅक यांच्यातला खरा फरक कळतो. सिलखाली प्रत्येक चाकाजवळ एकच पक्की जागा असते, बहुतेक गाड्यांत पत्र्याच्या कडेला दोन खाचा करून दाखवलेली. सिझर जॅक ती जागा अडवून बसला तर स्टँड कुठे ठेवणार? लोक मग जिथे लोखंड दिसेल तिथे स्टँड टेकवतात, आणि तो कधी पातळ फ्लोअरच्या पत्र्याखाली असतो, कधी ब्रेकच्या नळीजवळ. ट्रॉली जॅक असेल तर गाडी पुढून मधोमध, क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीच्या) ठरलेल्या जागी उचलता येते आणि सिलखालच्या दोन्ही जागा स्टँडसाठी मोकळ्या राहतात. ही जागा अंदाजाने शोधू नका. मारुती सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये गॅरेज जॅक कुठे लावायचा आणि स्टँड कुठे, याचं वेगळं चित्र असतं. इंजिनाच्या तेलाच्या ट्रेखाली, सायलेन्सरच्या पाइपखाली जॅक कधीच नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर फ्लोअरखाली बॅटरी असते, तिथे ठरलेल्या जागांपासून चार इंचही इकडेतिकडे चालत नाही.

रॅम्पचंही कोणी विचारतं. फक्त इंजिन ऑइल बदलायचं असेल तर पुढची दोन चाकं चढवायचे रॅम्प सोपे आणि स्थिर असतात. पण चाक काढता येत नाही, म्हणजे ब्रेकचं काम नाही. बंपर खाली असलेल्या गाड्यांना तो आधीच घासतो. आणि चढवताना समोर कोणीतरी उभं राहून सांगणारं लागतं. फरशी गुळगुळीत असेल तर रॅम्पच पुढे सरकतो. मी ते घेतले नाहीत.

काहीही घेतलंत तरी चाकांना दगड लावणं चुकवू नका. माझ्याकडून सहा वर्षांपूर्वी ते चुकलं होतं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलाय, डोळ्याला जाणवत नाही एवढाच. मागचं डावं चाक काढलं होतं, सिझर जॅकवर. ब्रेकचा ड्रम निघेना. हँडब्रेक ओढलेला असताना तो निघत नाही, म्हणून मी आत वाकून हँडब्रेक सोडला. गाडी न्यूट्रलला होती. ड्रमवर हातोडीचे दोन हलके ठोके मारले आणि जॅकचा वरचा भाग माझ्यासमोर हळूच पुढे झुकला. मी हात मागे घेतला आणि गाडी बसली, ती काढलेल्या चाकावर. चाक काढलं की आडवं करून सिलखाली सरकवायचं, ही वडिलांनी लावलेली सवय. त्या चाकाच्या रिमवर अजून ओरखडा आहे. ते तिथे नसतं तर ड्रम जमिनीवर आला असता, आणि हात मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला असता तर तोही त्याच्या खाली असता.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग अर्धा होतो किंवा संपतो. गिअरचंही तसंच: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललंत की डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) ते मोकळं फिरतं आणि पहिला गिअर गाडीला धरत नाही. म्हणून पुढून उचलताना मागच्या चाकांना, मागून उचलताना पुढच्या चाकांना, दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके किंवा जड दगड घट्ट बसवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. वर उचलल्यावर पान्यावर पाय देऊन जोर लावाल तर तो सगळा जोर जॅकला बसतो. आणि स्टँडवर गाडी टेकवल्यावर बाजूने दोन्ही हातांनी ती जोरात हलवून पाहा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे, तुम्ही बाहेर असताना. जॅकही काढू नका, थोडा टेकलेला राहू द्या.

भाच्यासाठी आम्ही ठरवलं ते असं: 2 टनी ट्रॉली जॅक, पिनचे स्टँड, आणि त्याआधी अंगणाच्या एका बाजूला गाडी मावेल एवढा चार इंचांचा सपाट कोबा. ब्रेक पॅडमध्ये अजून थोडा जीव आहे, त्यामुळे घाई नाही. काल त्याने फोटो पाठवला. कोबा घालून झालाय, वर ओली पोती अंथरली आहेत. दहा दिवस पाणी मार, आणि तोवर स्टँड खोक्यातून काढून पिना आरपार जातात का ते बघून घे, असं त्याला सांगितलंय.