जुनी एलपी की २००६ ची सीडी: ‘माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स’ कोणत्या रूपात घ्यावा?

संगीतकार ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांचा १९८१ सालचा हा अल्बम घ्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना ऐंशीच्या दशकातील जुनी एलपी शोधता येईल किंवा सात वाढीव तुकड्यांसह आलेली २००६ ची सीडी घेता येईल. माझ्याकडे दोन्ही आहेत.

आवाजाच्या बाबतीत सीडी उजवी आहे, हे मान्य करावेच लागते. रेडिओवरील धर्मोपदेशकांचे आणि इतर गायकांचे आवाज या अल्बममध्ये सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून हवे तेव्हा वाजवणारे यंत्र, हाताशी नसताना, टेप पुन्हा पुन्हा चालवून तालाशी जुळवले आहेत. ‘रेजिमेंट’मध्ये लेबनॉनच्या दुन्या युनिस यांचा स्वर बास गिटारच्या सुरावर नेमका कोठे टेकतो, ते मला सीडीवरच प्रथम नीट कळले. ज्यांना ही घडण अभ्यासायची आहे, त्यांनी बहुधा सीडीच घ्यावी.

पहिल्या आवृत्तीतील कुराणपठणाचा तुकडा ब्रिटनमधील मुस्लिम संघटनेच्या आक्षेपानंतर निर्मात्यांनी काढला आणि त्या जागी ‘व्हेरी, व्हेरी हंग्री’ घातला. माझी एलपी त्यानंतरचीच आहे, आणि केवळ त्या तुकड्यासाठी पहिल्या छपाईचे चढे दाम मोजावेत असे मला वाटत नाही.

माझे मत बनले ते शेवटाशी. अल्बमभर अनोळखी माणसे बोलत, गात, ओरडत असतात. ‘माउंटन ऑफ नीडल्स’ या अखेरच्या तुकड्यात मात्र एकही माणूस नाही. एलपीवर तो संपला की सुईची हलकी खरखर तेवढी उरते. सीडीवर ही शांतता अंगात मुरण्याआधीच ‘पिच टु व्होल्टेज’ सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ आणखी सहा तुकडे येतात. दर वेळी रिमोट हातात धरून बसण्याचा मला मनापासून कंटाळा आला.

ही तक्रार कोणाला क्षुल्लक वाटेल, पण त्या शांततेचे मला मोल आहे. परक्यांचे आवाज त्यांच्या संदर्भातून तोडून वापरणे हे सांस्कृतिक वर्चस्व नव्हे काय, असा प्रश्न समीक्षक जॉन पेरेल्स यांनी १९८१ मध्येच ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकातील परीक्षणात उपस्थित केला होता. पुढे या अल्बमने सॅम्पलिंगला, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे नव्या संगीतात वापरण्याच्या पद्धतीला, कशी वाट करून दिली, यावरच अधिक लिहिले गेले. मला मात्र पेरेल्स यांचा प्रश्न आजही रास्त वाटतो, आणि एलपी संपल्यावर, वेष्टनावरील आवाजांची यादी वाचताना तो हटकून आठवतो. ‘द जेझबेल स्पिरिट’ या गाण्यापुढे तेथे नाव नाही; न्यूयॉर्कमधील भूत उतरवणारा एक अज्ञात माणूस, इतकीच त्याची नोंद आहे.