कृपादानांचं शिबिर: सकाळ ठीकठाक, दुपार भारी

नगरच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) शनिवारी कृपादानांवर, म्हणजे पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यांना सेवेसाठी देतो त्या देणग्यांवर, शिबिर झालं, बरेच जण विचारतायत जावं का म्हणून लिहितोय. जा. पण सकाळचा फॉर्म फार मनावर घेऊ नका. ढीगभर प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, आणि शेवटी बेरीज करून तुमचं कृपादान काय ते ठरतं म्हणे, आता माणूस आवडीच्या गोष्टीलाच पाच देणार ना, आमच्या टेबलावर निम्मे लोक पुढारी निघाले आणि जेवणानंतर खुर्च्या उचलायला कोणी नाही.

खरी मजा दुपारी. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतले कृपादानांचे दोन अध्याय, रोम 12 आणि 1 करिंथ 12, शेजारी ठेवून वाचून घेतलं. याद्या सारख्या नाहीतच, रोममध्ये बोध करणं, दान देणं, दया करणं, तर करिंथमध्ये रोग बरे करणं, अन्य भाषा (न शिकलेल्या, आत्म्याने दिलेल्या) बोलणं, त्यांचा अर्थ सांगणं, आणि 28व्या वचनात प्रेषितांच्याच रांगेत मदत करणारे पण आहेत! मग आपल्याला ओळखणाऱ्यांनी आपल्याबद्दल सांगायचं. एक मावशी म्हणाल्या मी काय, चपात्या लाटते, तर शेजारच्या दोघी म्हणाल्या, हॉस्पिटलात रात्रभर आमच्या उशाशी कोण बसलं होतं? मावशी गप्पच.

अन्य भाषांचा विषय मात्र शिबिर घेणाऱ्या सरांनी घाईत उरकला, समोर याच दानावर खास भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टल मंडळींतलेही बरेच जण होते, तिथे थांबायला हवं होतं. जेवण ओके, माईक बेकार. जाताना आपल्या पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) पण घेऊन जा, नाहीतर नंतर काम देणार कोण?