पहिल्यांदा कयाकिंग करताय? पवना, कुंडलिका की कर्ली

कयाकमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याला जाताना त्रास होत नाही. सकाळची वेळ असते, अंगात जोर असतो, वाराही पडलेला असतो. खरी परीक्षा परतीला होते. दंड भरून आलेले असतात, ऊन चढलेलं असतं आणि नेमका तेव्हाच वारा नाहीतर पाणी समोरून यायला लागतं. नवशिक्याचा वेग ताशी ३-४ किलोमीटरच्या वर जात नाही. समोरून ताशी २ किलोमीटरचा प्रवाह आला, तर तो निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणून जागा ठरवताना मी निसर्गसौंदर्य नंतर बघतो. दमल्यावर इथलं पाणी आपल्याला काठाला आणेल की लांब नेईल, हे आधी बघतो.

मुंबई-पुण्याच्या माणसाला तीन नावं सहज सुचतात: मावळातला पवना जलाशय, कोलाडची कुंडलिका नदी आणि मालवणजवळ देवबागची कर्ली खाडी. परतीचा विचार केला की तिन्ही अगदी वेगळ्या निघतात.

पवना: जवळचं, पण वाऱ्याच्या भरवशावर

पुण्याहून सकाळी निघून दुपारी घरी पोचता येतं, ही पवनेची मोठी सोय. प्रवाह जवळजवळ नाही, समोर तिकोना आणि तुंग हे किल्ले दिसत राहतात, आणि काठावरच्या तंबूवाल्यांकडे कयाक मिळते. वल्हं कसं धरायचं, नाव कशी वळवायची हे शिकायला असं स्थिर पाणी चांगलंच.

पण हे धरणाचं पाणी आहे. काठापासून थोडं आत गेलं की खोली एकदम वाढते, आणि मोकळ्या पृष्ठभागावर दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. इथे परतीला मदत करणारं काहीच नाही. वारा ज्या बाजूला नेईल त्या बाजूला नाव जाते. त्यामुळे निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे येताना तो पाठीशी राहील. काठ सोडून मध्यभागी जायचा मोह टाळा. आणि कयाकिंग झाल्यावर ‘जरा पोहून घेऊ’ म्हणून लाइफ जॅकेट काढू नका. या जलाशयात बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. पवना मी फक्त अर्ध्या दिवसाच्या सरावासाठी सुचवेन, तेही सकाळी दहाच्या आत पाण्यातून बाहेर पडणार असाल तर.

कुंडलिका: पाणी कधी सुटणार, यावर सगळं

कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं ते मुळशी धरणामुळे. सेनापती बापटांनी १९२१ साली ज्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे टाटांचं धरण. घाटावरचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत येतं. सकाळी हे पाणी सुटलं की नदी वेग घेते आणि राफ्टिंग सुरू होतं. तो वेग नवख्याच्या कयाकसाठी नाही. खळाळतं पाणी, दगड, काठावरून पाण्यात वाकलेल्या फांद्या, हे सगळं राफ्टमध्ये अनुभवी माणूस सोबत असताना मजेचं असतं. एकट्याच्या हातात वल्हं असताना नसतं.

इथे परतीचा प्रश्न मात्र वेगळ्या तऱ्हेने सुटतो. राफ्टिंग खालच्या बाजूला संपतं आणि गाडी तुम्हाला परत आणते. शिवाय शिकवणारी माणसं रोज पाण्यात असणारी. ज्यांना थोडा थरार हवा आहे त्यांनी सकाळी राफ्टिंग करावं आणि जेवणानंतर एखाद्या शांत डोहात तासभर कयाक चालवावी. मुंबईहून साधारण १२० किलोमीटर, पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरायचं. तरुण मित्रमंडळींसाठी हा दिवस झकास जातो. आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी कुंडलिका निवडणार नाही.

कर्ली: लांबची, पण शिकायला सगळ्यांत चांगली

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली, मधे माडांची चिंचोळी पट्टी. समुद्राचा वारा ही पट्टी बऱ्यापैकी अडवते, त्यामुळे पलीकडे लाटा फुटत असतानाही खाडीचं पाणी शांत असू शकतं. पाणी खारट, तळ ठिकठिकाणी उथळ, काठाला कांदळवन आणि खंड्या-बगळ्यांची वर्दळ. पण मी कर्ली निवडतो ती भरती-ओहोटीसाठी. हे पाणी वेळापत्रकाने चालतं, आणि ते समजून घेतलं तर परतीचं काम तेच करतं.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. त्रयोदशीला पावणेदहा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायचीच. पण सहल कोणत्या आठवड्यात ठेवायची हे कॅलेंडर बघून घरबसल्या ठरवता येतं.

माझ्या मते नवख्यांसाठी द्वादशी-त्रयोदशीची सकाळ सगळ्यांत सोपी. साडेसातला निघायचं, उरलेल्या भरतीबरोबर, नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे पाठ करून खाडीत आत जायचं. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं; तेव्हा नाव कांदळवनाच्या सावलीत थांबवून पाणी प्यायचं, काही खायचं. मग सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. पहिल्या तासात तिला जोर नसतो, ती हलकेच धक्क्याकडे आणते. अकराच्या आधी तुम्ही काठावर असता, खारे वारे जोर धरण्यापूर्वी.

पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, असते. भरती उशिरा पूर्ण होते, पाणी जोरात वाहतं आणि परतताना दुपार होते. अष्टमीला उलट; भांगामुळे, म्हणजे भरती-ओहोटी लहान असल्यामुळे, प्रवाह मंद, पण सकाळभर सुकती चालू असल्याने वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि नाव मधेच टेकते. सुट्टी नेमकी अशाच दिवशी आली तर लांब न जाता धक्क्याजवळच फिरा. तेही कमी आनंदाचं नसतं.

दोन गोष्टींची मात्र खरी भीती बाळगा. पहिली, संगम. ओहोटीला नदीचं सगळं पाणी तिथून समुद्रात जातं, आणि त्याच भागात, त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाच्या आसपास, जेट-स्की आणि बनाना बोटींची गर्दी असते. सुरुवात संगमापासून जितकी आत कराल तितकं बरं. दुसरी, कालवं, म्हणजे धारदार कवचाचे शिंपले. दगडांवर आणि कांदळाच्या मुळांवर ती चिकटलेली असतात, आणि अनवाणी पाय टेकला की ब्लेडसारखा कापतो. पट्ट्याच्या सँडल घाला, निसटणाऱ्या चपला नकोत.

कर्लीची अडचण एकच, अंतर. मुंबईहून पाचशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने कुडाळला उतरून पुढे गाडी करायची. एका दिवसाचं हे काम नाही, दोन मुक्काम हवेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मेअखेर ते ऑगस्टअखेर किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात.

गोव्याला जाणारच असाल तर मांडवीतल्या चोडण बेटाच्या कांदळवनाला हाच हिशेब लागू पडतो. तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्याजवळचं पाणी सुंदर आहे, फक्त मुख्य पात्रातल्या फेरीबोटी आणि बार्जपासून लांब राहा. मांडवी-झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तो बोटीतूनच बघावा.

नाव कोणती घ्यायची

तिन्ही ठिकाणी वरून बसायची, उघडी, दोघांची कयाक मागा. ती रुंद असते, सहसा उलटत नाही, आणि उलटलीच तर पुन्हा वर चढता येतं. आत पाय घालून बसायची कयाक पहिल्या दिवशी नको. वजनाने जास्त आणि ताकदीचा असेल त्याने मागे बसावं. दिशा मागचा देतो, पुढच्याने फक्त लय धरायची. मूल असेल तर ते पुढे. जॅकेट घातल्यावर कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, दुसरं घ्या. तुम्हाला पोहता येत असलं तरी.

फोनवर भाव विचारण्याआधी विचारा की सोबत दुसऱ्या नावेतून माणूस येतो का, मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, आणि त्या दिवशी कितीला निघायचं. पवन्याचा माणूस वाऱ्याचं बोलेल, कोलाडचा पाणी सुटण्याचं, देवबागचा भरतीचं. ‘कधीही या, पाणी असतंच’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या कुणाला तरी फोन लावा.