हॉर्नबीची वळणं: आर-१ ते आर-४, मोठ्या इंजिनासाठी कोणतं घ्यावं

हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीच्या छोट्या ओओ सेटमध्ये रुळांचा जो गोल मिळतो तो आर-१, म्हणजे ३७१ मिमी त्रिज्येचा असतो. सोबतचं चारचाकी इंजिन त्यावर बिनतक्रार गरगरतं. घोळ होतो तो पुढे, त्याच गोलावर कुणी महागामोलाचं, हुबेहूब तपशिलाचं पॅसिफिक इंजिन (पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन चाकं असलेलं) चढवतो तेव्हा. नाकापेक्षा मोती जड. ओओ म्हणजे १:७६ चं प्रमाण. त्या हिशोबाने ३७१ मिमी म्हणजे खऱ्या जगातले २८ मीटर, आणि तेवढ्या वळणात मेनलाइनचं इंजिन प्रत्यक्षातही वळणार नाही.

श्रेणी सरळ आहे: आर-१ ३७१, आर-२ ४३८, आर-३ ५०५ आणि आर-४ ५७२ मिमी. सुटा तुकडा साडेबावीस अंशांचा, म्हणजे पूर्ण गोलाला सोळा. पंचेचाळीस अंशांचा दुहेरी तुकडाही मिळतो, तो आठ पुरतो. शक्य तिथे दुहेरीच घ्यावा, कारण सांधे निम्मे होतात आणि रुळावरून घसरणं बहुधा सांध्यावरच होतं.

दोन त्रिज्यांमधलं ६७ मिमी अंतर दिसायला बेढब आहे. खऱ्या लोहमार्गासारखं दिसावं म्हणून ते ५० वर आणण्याचा मोह होतो. आवरावा. ब्रिटिश मार्क-१ डबा ओओमध्ये २५८ मिमी लांब, ३७ मिमी रुंद, आणि त्याच्या बोगींच्या केंद्रांत १८६ मिमी अंतर (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चारचाकी गाडी). आर-१ वर त्याची टोकं १०.८ मिमी बाहेर जातात; शेजारच्या आर-२ वरच्या डब्याचं पोट ९.९ मिमी आत येतं. डब्याची रुंदी धरली की ५७.७ मिमी होतात. ६७ मध्ये नऊ मिमी हवा उरते, ५० मध्ये गाड्या एकमेकींना खरवडतात. एचओमध्ये (१:८७ च्या प्रमाणात) भारतीय डबे चालवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. एलएचबी डबा त्यात सुमारे २७० मिमी भरतो, पण त्याच्या बोगी १७१ मिमीवरच असल्याने आर-२ वर टोक साडेबारा मिमी बाहेर झुलतं आणि कपलिंगही (डबे जोडणारा आकडा) सोबत ओढतं.

इंजिनाचं दुखणं वेगळं. ए-३ पॅसिफिकची एका बाजूची तीन मोठी चाकं मॉडेलमध्ये ५८ मिमी लांबीत बसतात. आर-१ वर मधल्या आसाला बाजूला सरकायला १.१ मिमी लागतात, आर-२ वर जेमतेम १. नाइन-एफ या ब्रिटिश मालगाडी इंजिनाच्या पाच आसांना आर-१ वर अडीच मिमी लागले असते. खऱ्या नाइन-एफच्या मधल्या चाकांना कडच (चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली धार) नव्हती, मॉडेलमध्येही तीच युक्ती. तीव्र वळणांचा प्रश्न खऱ्या रेल्वेलाही चुकलेला नाही. नेरळ-माथेरानच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल इंजिनांना त्यासाठी वळू शकणारे क्लीन-लिंडनर आस द्यावे लागले. विकत घेण्याआधी इंजिन उलटं धरून मधला आस बोटाने आडवा ढकलून बघा. हललाच नाही, तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, आर-२ वर चाकं कुरकुरणार.

हॉर्नबीच्या अलीकडच्या पॅसिफिकमध्ये केबिनखालची मागची चाकं बिनकडेची असतात आणि कडवाली जोडी वेगळ्या पुडीत येते. ती दिसायला छान, म्हणून लगेच बसवली जाते आणि इंजिन पहिल्याच वळणावर उतरतं. ती कपाटात मांडण्यासाठी किंवा खूप मोठ्या वळणांसाठी आहे. त्याच पुडीतल्या सिलिंडरच्या निचरा-नळ्या आणि पुढच्या पायऱ्याही आर-२ वर पुढच्या बोगीच्या चाकांना अडतात. नळी धातूच्या चाकाला टेकून शॉर्ट झाला तर दोष कंट्रोलरवर जातो. टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या) दांड्याला दोन भोकं असतील तर आर-२ साठी लांबचं भोक वापरा. इंजिन-टेंडरमधली फट डोळ्याला खुपते, पण जवळच्या भोकावर टेंडर इंजिनाला वळूच देत नाही.

रूळ बसवताना सगळ्यात जास्त चुकतं ते खिळा ठोकताना. भोक स्लीपरच्या मध्यावर असतं. खिळा शेवटपर्यंत ठोकला की प्लॅस्टिकचा स्लीपर मध्ये खचतो, दोन्ही रूळ आत झुकतात आणि १६.५ मिमीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) आवळतो. इंजिन ठरावीक जागी मंद होतं आणि लोक मोटरला तेल घालत बसतात. खिळ्याचं डोकं स्लीपरपासून एका कागदाच्या जाडीएवढं वर ठेवा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. ते १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या तुकड्यावर) चाक चेकरेलवर, म्हणजे रुळालगतच्या आतल्या जोडपट्टीवर, चढतं.

सेटच्या पॉइंटचंही एक पथ्य आहे. दोन पॉइंट थेट जोडून शेजारच्या मार्गावर जायचा क्रॉसओव्हर केला की आर-२ च्या दोन उलट वळणांमध्ये सरळ तुकडाच राहत नाही. जवळच्या कपलिंगने जोडलेल्या लांब डब्यांचे बफर तिथे एकमेकांत अडकतात, मागे ढकलताना तर हमखास. तिथून डबे ओढा, ढकलू नका, किंवा लांब कपलिंग लावा. बाकी ठिकाणी उलट वळणांमध्ये ३३५ मिमीचा लांब सरळ तुकडा घाला. १६८ मिमीचा छोटा तुकडा मार्क-१ डब्यापेक्षा आखूड, तो पुरत नाही.

आर-२ बदलायची जागाच नसेल तर एक स्वस्त उपाय आहे. अर्ध्या वळणाच्या आठ सुट्या तुकड्यांपैकी पहिला आणि शेवटचा आर-४ चा लावा. रुंदी ८७६ वरून ८९६ मिमी होते, म्हणजे वीसच मिमी वाढते. लांबीच्या दिशेने टोक ५१ मिमी पुढे जातं. दोन्ही टोकांना सारखंच करायचं, नाहीतर अंडाकृती जुळणार नाही. इंजिनाचा सरळ रुळावरून वळणात शिरतानाचा झटका चटकन कमी होतो.

फळीचं मापही आधी बघा. तीन फूट म्हणजे ९१४ मिमी. आर-२ वर मार्क-१ ची टोकं धरून ९३१ लागतात, म्हणजे डबा फळीबाहेर लटकतो. आर-१ ला ८०१ पुरतात. चार फुटी प्लायवर (१२१९ मिमी) आर-३ आरामात बसतो, १०६३ मध्ये. आर-४ ला ११९४ लागतात, दोन्हीकडे बोटभरसुद्धा जागा उरत नाही.

म्हणून चार फुटी फळी असेल तर पैसे आर-३ च्या आठ दुहेरी तुकड्यांवर घाला. वरची सगळी जुळवाजुळव करायची हौस असलेल्यांसाठी आर-२ ठीक आहे. सेटमधला आर-१ फेकू नका: त्याचे दोन-तीन तुकडे मालधक्क्याच्या सायडिंगला लावा आणि तिथे फक्त चारचाकी इंजिन पाठवा.