मोंढ्यातल्या संगणकासाठी डेब, ॲपइमेज की फ्लॅटपॅक?

लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) अडत दुकानांसाठी पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशोब, काढायचं छोटं लिनक्स सॉफ्टवेअर मी सी++ आणि क्यूटीत (खिडक्या-बटणं काढून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) लिहिलंय. लिहिणं सोपं गेलं, दुकानांत वाटताना घाम फुटला. वाटण्यासाठी पॅकेज बांधायचे माझ्यापुढचे मुख्य पर्याय तीन: डेब, ॲपइमेज, फ्लॅटपॅक. एका दुकानात उबुंटू या लिनक्सची २०.०४ आवृत्ती, शेजारी २२.०४, तिसरीकडे डेबियन ११ हे वेगळं लिनक्स. माझ्या लॅपटॉपवर २४.०४. तिथे बांधलेली (कोडपासून तयार केलेली) फाइल डेबियनवर उघडली आणि उत्तर आलं: जीलिबसीची (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी) हवी ती आवृत्ती सापडत नाही. साहजिकच आहे. २४.०४ मध्ये जीलिबसी २.३९ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. जीलिबसीपुरतं बोलायचं तर जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही. त्यामुळे पुढचा कुठलाही पर्याय घ्या, फ्लॅटपॅक-स्नॅप सोडून, बांधकाम सगळ्यात जुन्या सिस्टिमवरच करा.

सगळी यंत्रं एकाच आवृत्तीची असतील, एखाद्या शाळेच्या लॅबसारखी, तर डेबच (उबुंटू-डेबियनचं नेहमीचं पॅकेज) करा, फार विचार करू नका. लायब्ररी सिस्टिमच्या, पॅकेज हलकं. मोठा फायदा सुरक्षेचा. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची फट उघड झाली, तेव्हा सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्यांचं काम एका अपडेटवर भागलं. लायब्ररी पोटात घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला मात्र पॅकेज नव्याने बांधावं लागलं. पण आवृत्त्या मिसळल्या की डेब अडतं. २०.०४ वर बांधलेलं माझं पॅकेज ओपनएसएसएल १.१ मागत होतं, २२.०४ कडे फक्त ३. म्हणजे दर आवृत्तीला वेगळं डेब. एकट्या माणसाने हे किती दिवस करायचं?

ॲपइमेज म्हणजे शिदोरी बांधून निघणं. क्यूटी, ओपनएसएसएल सगळं एकाच फाइलमध्ये. पेनड्राइव्हवरून टाकली, परवानगी दिली, सुरू. फक्त जीलिबसी आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लायब्ररी आत कोंबू नका, त्या यजमानाच्याच, म्हणजे दुकानातल्या संगणकाच्याच घ्यायच्या. उबुंटू २२.०४ पासून लिबफ्यूज २ (ॲपइमेज उघडायला लागणारी लायब्ररी) आपोआप येत नाही, म्हणून जुन्या पद्धतीची ॲपइमेज डबल क्लिकला ढिम्म हलत नाही. नवा स्टॅटिक रनटाइम (ॲपइमेजमधला, फाइल सुरू करून देणारा भाग) वापरला की ही कटकट जाते. हार्टब्लीडसारखं काही निघालं तर मात्र शिदोरी बदलायला तुम्हालाच मोंढ्यात जावं लागेल.

फ्लॅटपॅक मला मनातून आवडतं. इथे रनटाइम म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींचा संच, तो ठरलेला, यजमान कुठलाही असो. पण तो रनटाइम पहिल्यांदा उतरवताना शेकडो एमबी जातात, आणि सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत शेठच्या मोबाइलचा हॉटस्पॉट मागायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रामभोवतीचं कुंपण. इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो, तो दिसायला सगळ्या डिव्हाइसेसची मुभा द्यावी लागते. मग कुंपण घालून फाटक उघडं ठेवल्यासारखंच की! काटा जोडायचा नसेल आणि चांगलं ब्रॉडबँड असेल, तर मी हेच सुचवीन.

स्नॅप या उबुंटूवाल्यांच्या पॅकेजचं गणित साधारण असंच. डेबियनवर आधी स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्राम) चढवावं लागतं, म्हणून मी तिकडे वळलोच नाही.

मी ॲपइमेज घेतली, डेबियन ११ वर बांधून. आणि एलडीडीवर (लागणाऱ्या लायब्ररी सापडतात का ते दाखवणारी आज्ञा) विसंबू नका. आपल्या यंत्रावर ते सगळं सापडलं असंच सांगतं, कारण तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) कोरं डेबियन टाका, त्यात पट्टी छापून बघा, मगच पेनड्राइव्ह खिशात घाला.