मॅकशेन वाचनतक्ता: रोजचे चार अध्याय, आणि त्यात काय कमी पडतं

वर्षभरात बायबल वाचून काढायचे तक्ते ढिगाने मिळतात. बहुतेकांची चाल एकच: उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सरळ पुढे. फेब्रुवारीत गाडी लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या यज्ञविधींत शिरते आणि तिथेच रुतते. धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आपल्या सेंट पीटर्स मंडळीसाठी (चर्चसाठी) आखलेला तक्ता ही अडचण चांगली ओळखून आहे. तो फुकट मिळतो, छापून घेता येतो आणि अनेक बायबल ॲपमध्ये तयार असतो.

रचना अशी: रोज चार स्तंभ, चार वेगळ्या ठिकाणचे उतारे. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1. सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासातून परतणं, मंडळीचा आरंभ. चारही सुरुवाती एकाच दिवशी. वर्षात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा. हिशेब केला तर जुन्या कराराचे 929 (त्यात स्तोत्रांची पहिली फेरी आलीच), नव्याचे दोनदा मिळून 520 आणि स्तोत्रांच्या दुसऱ्या फेरीचे 150, म्हणजे 1599 अध्याय. दिवसाला चार धरले तरी थोडे उरतात, म्हणून छोटी स्तोत्रं जोडीने येतात. 176 वचनांचं 119वं स्तोत्र मात्र तुकडे करून अनेक दिवसांवर पसरलेलं आहे. मनातल्या मनात वाचायला साधारण वीस मिनिटं धरा. मोठ्याने वाचलंत तर अर्धा तास.

पहिले दोन स्तंभ कुटुंबाने एकत्र वाचायचे, उरलेले दोन एकांतात. ॲपवाल्यांनी ही विभागणी बहुतेक ठिकाणी पुसून टाकली आहे आणि चारही उतारे एका रांगेत लावले आहेत. तक्त्याचा निम्मा उपयोग तिथेच जातो. घरातल्या सगळ्यांनी सकाळी एकच अध्याय ऐकलेला असला की रात्री जेवताना त्यावर बोलणं होतं. चौघांनी चार मोबाइलवर वाचलं की ते होत नाही.

तक्त्याची खरी ताकद उताऱ्यांच्या शेजारात आहे. 15 एप्रिल बघा: लेवीय 19, स्तोत्र 23 आणि 24, उपदेशक 2, 1 तीमथ्य 4. लेवीय 19 एकटं वाचलं तर नियमांची जंत्री वाटते. पण त्यात काय आहे? कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायचे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायची नाही, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवायचं नाही, न्यायात ना गरिबाची बाजू घ्यायची ना मोठ्याची, चहाड्या करत फिरायचं नाही, पिकल्या केसांपुढे उठून उभं राहायचं, वजनमापं खरी ठेवायची. शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा याच यादीच्या मधोमध, 18व्या वचनात येते. त्याच दिवशी तीमथ्याच्या पत्रात सुभक्तीला शरीराच्या कसरतीशेजारी बसवलेलं आहे, आणि उपदेशक धनदौलत नि मेजवान्या करून पाहिल्यावर हाती काय लागलं ते सांगतो. चारही उतारे एकाच बैठकीत वाचल्यावर घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार दोन दिवसांनी देऊ, असं म्हणणं जड जातं.

नेमकी इथेच तक्त्याची उणीवही दिसते. वाचल्यावर करायचं काय, याला जागाच नाही. उतारा, टिक, उतारा, टिक. ॲपमध्ये तर सलग दिवसांचा आकडा चढत जातो आणि वाचणाऱ्याचं लक्ष वचनावरून आकड्यावर जातं. मॅकशेन यांना हे आधीच दिसलं होतं: तक्त्यासोबत त्यांनी स्वतःच धोके लिहून ठेवले. वाचन नुसता रिवाज होईल, आपण फार धार्मिक झालो असं वाटेल, घाईत वाचलं जाईल आणि मानेवर न पेलणारं जू बसेल. त्यामुळे पाचवा स्तंभ आपणच आखावा. एकांताच्या दोन उताऱ्यांतून एक वचन निवडायचं आणि त्यापुढे आज संध्याकाळपर्यंत होईल असं एक काम लिहायचं. 'नम्र राहीन' चालणार नाही. 'अमक्याला फोन करून माफी मागेन' चालेल. रात्री टिक या स्तंभात करायची, वाचनाच्या नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते थकबाकीत. चार दिवस चुकले की सोळाहून जास्त अध्याय साठतात. मग रविवारी दुपारी तेवढे उरकायचे ठरतात, ते होत नाहीत, आणि तक्ता कायमचा मिटतो. उपाय सरळ आहे: चुकलेलं सोडून द्यायचं आणि आजच्या तारखेवर यायचं. नवा करार आणि स्तोत्रं वर्षात दोनदा असतात, त्यामुळे एकदा हुकली तरी दुसऱ्या फेरीत वाचून होतात. जुन्या कराराचा हुकलेला अध्याय मात्र पुढच्या वर्षावर जातो, तेवढं सोसावं. ज्याने बायबल सलग कधीच वाचलेलं नाही, त्याने चार स्तंभ घेऊच नयेत. एका वर्षी पहिले दोन, दुसऱ्या वर्षी पुढचे दोन. बायबल पूर्ण होतंच.

नोव्हेंबरात 1 इतिहासाच्या वंशावळ्या येतात, तेही दोन-दोन अध्याय एकत्र. शेजारी इब्री लोकांस पत्र आहे म्हणून निभतं, पण ते आठवडे रटाळ आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही.

मंडळीचं वर्ष पाळणाऱ्यांना हा तक्ता खटकेल. आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण यांच्याशी त्याचं काहीच देणंघेणं नाही. मत्तयातला वधस्तंभाचा अध्याय जानेवारीअखेर येतो, आणि नाताळच्या दिवशी समोर काय असतं? प्रकटीकरण 16, देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या! अशांनी सणाच्या आठवड्यात आपल्या मंडळीच्या वाचनसूचीवर जावं आणि नंतर तारखेवर परत यावं. कॅथलिक वाचकांनी हेही लक्षात घ्यावं की तक्ता 66 पुस्तकांचा आहे. त्यांच्या बायबलातली उरलेली सात त्यात नाहीत. टोबीत किंवा मक्काबी हवं असेल तर वेगळी सोय करावी लागेल.

ॲप की कागद? कागद. एका पानावर दोन महिने छापा, घडी करून बायबलात ठेवा, पेन्सिलने खुणा करा. मोबाइलवरच वाचायचं असेल तर अध्याय आधी डाउनलोड करून नेट बंद ठेवा, नाहीतर दुसऱ्या उताऱ्याला पोहोचेपर्यंत वरून तीन संदेश येतात. लीप वर्षात 29 फेब्रुवारीला तक्त्यात काहीच नेमलेलं नाही. तो दिवस कुटुंबाच्या स्तंभांतला राहिलेला एखादा अध्याय मोठ्याने वाचायला वापरा.