शब्दाला अर्धा सेंट आणि डॅशबोर्डवरच अडकलेली कमाई

लेख मंजूर होतो, डॅशबोर्डवरचा (साइटवरच्या आपल्या खात्याच्या पानावरचा) कमाईचा आकडा वाढत राहतो, आणि खात्यात दमडीही येत नाही. कमी दराने लिहून घेणाऱ्या कंटेंट साइट्सवर फसवणूक होते ती बहुतेक वेळा अशी. कोणी रातोरात गाशा गुंडाळून पळत नाही. नियमांचा हवाला देत, अगदी गोड भाषेत, तुमच्या तोंडाला पानं पुसली जातात. अशा एका साइटसाठी मी बरेच महिने लिहीत होते. तिचं नाव देत नाही. ही मंडळी नाव बदलून पुन्हा दुकान थाटतात, त्यामुळे पद्धत ओळखता आली तर जास्त उपयोग.

जाहिरात नेहमीचीच होती. घरबसल्या लिहा, अनुभवाची अट नाही, दर आठवड्याला पेमेंट. नोंदणी केल्यावर एक चाचणी लेख मागितला. विषय त्यांचा, कीवर्ड (लोक गूगलवर जे शब्द टाकून शोधतात ते) त्यांचे, मानधन शून्य. तो पास झाल्यावर दर कळला : शब्दाला अर्धा सेंट. म्हणजे ५०० शब्दांच्या लेखाचे अडीच डॉलर. ‘सध्या नवीन आहात, रेटिंग वाढलं की दर वाढेल’ असं त्याखाली लिहिलेलं होतं. पुढे सहज म्हणून त्या चाचणी लेखातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं, तर अख्खा लेख एका दुकानदार कंपनीच्या ब्लॉगवर जसाच्या तसा सापडला. चाचणी म्हणून फुकट घेतलेला माल त्यांनी कधीच विकून टाकला होता. नव्या लेखकांची भरती अशा साइटवर बारा महिने का चालू असते, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

अडीच डॉलर हा आकडा दिसतो त्याहूनही लहान आहे. ५०० शब्द टाइप करायला फार वेळ लागत नाही हे खरं, पण त्याआधी विषयांच्या यादीवर डोळा ठेवून बसावं लागतं, कारण बरे विषय आले की क्षणात उचलले जातात. मग माहिती शोधणं. मग कीवर्ड. ‘पाठदुखी उत्तम गादी’ हा कीवर्ड जसाच्या तसा सहा वेळा आला पाहिजे, अशी एका लेखाची अट होती. मी तो बसवला. एका एडिटरने लेख परत पाठवला : वाक्यरचना नैसर्गिक वाटत नाही. मी सगळीकडे ‘पाठदुखीसाठी उत्तम गादी’ केलं. दुसऱ्या एडिटरने पुन्हा परत पाठवला : कीवर्ड जसाच्या तसा नाही. आता यावर करायचं काय? शेवटी पहिली आवृत्तीच पुन्हा चढवली, आणि ती मुकाट्याने मंजूर झाली. असे दोन फेरे धरले तर एका लेखाला दोन तास सहज जातात. तासाला सव्वा डॉलर पडला. वीज, इंटरनेट आणि पैसे खात्यात येताना कापली जाणारी फी यात धरलेलीच नाही.

तरीही दर कमी असणं ही फसवणूक नव्हे. दर आधी सांगितलेला असतो, पटत नसेल तर लिहू नये. खरी मेख असते पैसे काढायच्या किमान रकमेत. आमच्याकडे ती ५० डॉलर होती, म्हणजे असे वीस लेख मंजूर झाल्याशिवाय एक सेंटही हाती येणार नाही. ‘दर आठवड्याला पेमेंट’ मिळणार ते ही रक्कम गाठणाऱ्यांना, हे बारीक अक्षरात. सुरुवातीचे लेख पटापट मंजूर झाले. आकडा पन्नाशीच्या जवळ आला आणि तोच हात, त्याच तऱ्हेचे लेख अचानक ‘गुणवत्तेच्या निकषात बसत नाहीत’ म्हणून रिजेक्ट व्हायला लागले. कोणता निकष, ते विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हते. कसाबसा पल्ला गाठतेय तोवर ईमेल आला : लेखकांच्या सोयीसाठी किमान रक्कम १०० डॉलर करण्यात येत आहे. आधीच्या शिल्लक रकमेलाही हाच नियम. मी हरकत घेतली, तेव्हा खातं ‘तपासणीखाली’ गेलं. शिवाय ठरावीक काळ नवा लेख न दिल्यास शिल्लक रद्द होईल, असं टर्म्समध्ये होतंच.

या साखळीचा अर्थ नीट समजून घ्या. किमान रक्कम गाठण्याआधी कंटाळून सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचे मंजूर झालेले लेख साइटकडे राहतात, त्याचे पैसेही साइटकडेच राहतात. लेखक टिकला नाही तर यांचं बिघडत काहीच नाही, उलट फायदा होतो.

रिजेक्ट झालेल्या लेखांचं काय झालं, ते शोधायला मी पुन्हा अवतरणचिन्हांचा मार्ग धरला. काही लेख दुसऱ्यांच्या नावाने छापलेले निघाले. सरळ व्यवहार करणाऱ्या साइटवर नाकारलेल्या लेखाचे हक्क लेखकाकडे परत येतात, तो लेख दुसरीकडे विकता येतो. इथे मात्र ‘लेख सादर करताच सर्व हक्क कंपनीकडे’ असं कलम होतं. पैसे न देता हक्क घेणारं असं कलम दिसलं की तिथेच थांबावं. चाचणी लेख या कलमाच्या आधीचा, त्याबद्दल मी कुठेच काही मान्य केलेलं नव्हतं. म्हणून तो ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर होता, तिला डीएमसीए नोटीस पाठवली. डीएमसीए हा अमेरिकेचा १९९८ चा कॉपीराइटचा कायदा. त्याखाली मूळ लेखाचा पुरावा, चोरलेल्या पानाचा पत्ता आणि सहीनिशी निवेदन दिलं की होस्टिंग कंपन्या सहसा मजकूर उतरवतात. वकील लागत नाही. लेख उतरला. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

‘एकदा लिहा, आयुष्यभर कमवा’ हेही आमिष सगळीकडे असतं, म्हणजे लेखावर येणाऱ्या जाहिरातींतला वाटा. इथे प्रामाणिक आणि बड्या साइट्सचा इतिहासही बघण्यासारखा आहे. ई-हाऊ ही ‘अमुक कसं करायचं’ सांगणारी साइट चालवणारी कंपनी डिमांड मीडिया जानेवारी २०११ मध्ये शेअर बाजारात आली. लेखाला साधारण १५ डॉलर देऊन ढिगाने लेख लिहून घ्यायचे आणि गूगलवरून वाचक आणायचे, हा तिचा धंदा. पुढच्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणला आणि असा ढिगाचा मजकूर शोधनिकालांत खाली ढकलायला सुरुवात केली. लोकांकडून लेख लिहून घेणारं असोसिएटेड कंटेंट याहूने २०१० मध्ये विकत घेतलं, त्याचं याहू व्हॉइसेस केलं आणि २०१४ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्क्विडू ही तशीच साइट हबपेजेस या दुसऱ्या साइटमध्ये विलीन झाली. एग्झामिनर डॉट कॉम ही अशीच आणखी एक साइट २०१६ मध्ये बंद पडली. साइटच राहिली नाही तर आयुष्यभराचा वाटा कुठून येणार? त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि शब्दाला अर्धा सेंटवालं काम यंत्राकडून जवळपास फुकट करून घेता यायला लागलं. अजूनही जे माणसांकडून या दराने लिहून घेतात, त्यांना नेमकं काय हवंय, हा प्रश्न आता जास्तच टोकदार झालाय.

मग असं लिहावंच का? ‘सराव होतो, पोर्टफोलिओ होतो’ असं सांगितलं जातं. पोर्टफोलिओ होत नाही, कारण लेखावर तुमचं नाव नसतं आणि तो तुमचा आहे असं सांगायलाही अनेकदा बंदी असते. सराव होतो, पण कसला? तीन ओळींची गोष्ट ५०० शब्दांत ताणण्याचा. ती सवय नंतर मोडायला फार जड जाते, माझ्या वाक्यांत ती मला अजून दिसते. परक्या भाषेत हात बसवायचा असेल, किंवा फावल्या वेळात थोडी मिळकत पुरेशी असेल, तर कमी दर देणारी पण वेळेवर पैसे देणारी साइट चालेल. अशा साइट्स आहेत. त्यांच्याकडे किमान रक्कम दोनचार लेखांत गाठता येईल एवढीच असते, पेमेंटचा वार ठरलेला असतो, चाचणी लेख छोटा असतो आणि नाकारलेला लेख तुमचाच राहतो. नोंदणी फी किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागणाऱ्यांचा विचारही करू नका.

कुणाचे पैसे आत्ता अडकले असतील, तर तक्रार करण्याआधी डॅशबोर्ड, शिल्लक रक्कम, मंजुरीचे संदेश आणि त्या दिवशीच्या टर्म्स, सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. खातं गोठवलं की यातलं काहीच दिसत नाही. मला हे जमलं ते केवळ ब्राउझरची टॅब उघडी राहिली होती म्हणून. किमान रक्कम भरली की त्याच दिवशी पैसे काढायची विनंती टाका, साठवत बसू नका. आणि ‘तपासणी लवकर व्हावी म्हणून आणखी पाच लेख द्या’ असा ईमेल आला, तर ते पाच लेख लिहू नका.